बाग चांगली चाललीये तरी मला इथं राहायचं नाही, पप्पांना कसं सांगू?

गोदाकाठ२४

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही निफाड तालुक्यातले. पाच एकर द्राक्ष, दीड एकर कांदा, शेततळं, दोन गाया. मी २४ चा, बीएस्सी केमिस्ट्री झालंय. घरात पप्पा, मम्मी, आजी आणि छोटी बहीण, ती टीवायला आहे.

सगळीकडं वाचतो की शेती परवडत नाही, कर्ज झालं, पाणी नाही, म्हणून पोरं शहरात चालली. आमचं तसं नाही ना राव. आमची बाग पैसे देते. एखादं वर्ष जातं, पण सोसायटीचं कर्ज कधी थकलं नाही, घर बांधून झालं, दारात ट्रॅक्टर आहे, फवारणीचा ब्लोअर आहे. म्हणजे जायला कारणच नाही माझ्याकडं. आणि कळायला लागल्यापासून मला इथून जायचंय.

एक गोष्ट सांगतो, आजपर्यंत कोणाला बोललो नाही. सातवीत असेन. डिसेंबर संपत आलेला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चारच्या खाली गेल्याची बातमी आली होती आणि आमच्या मण्यात नुकतं पाणी उतरत होतं. अशा थंडीत मणी तडकतात. रात्री दोनला पप्पांनी उठवलं. बागेच्या कडेनं पाचटाच्या नि जुन्या काड्यांच्या शेकोट्या पेटवायच्या, वरून ओला पाला टाकायचा म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त, धूर ओळीत शिरला पाहिजे. त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती म्हणून मोटर चालू करून ड्रिप पण सोडलं. शेजारच्या उसात बिबट्या असल्याचं गावात बोलत होते, त्यामुळं एका हातात बॅटरी. डोळ्यातून पाणी, पायात मम्मीचे मोजे. आणि मी मनात काय म्हणत होतो, तर गारा पडू दे, एकदाच सगळं झोडपून जाऊ दे, म्हणजे उद्यापासून झोपता येईल. पप्पा पुढच्या ओळीत वाकून फुंकर मारत होते आणि मी त्यांच्याच बागेला शाप देत होतो.

मग २०२० ला मी बारावीला. मार्चचा शेवटचा आठवडा, माल तयार झाडावर, लॉकडाऊन लागला. व्यापारी फोन उचलेना. शेवटी बेदाणा टाकला, चार किलो द्राक्षाचा एक किलो होतो, तोपण कसाबसा. पप्पा शेडमध्ये जाळीवर घड पसरत होते नि मला सारखं वाटत होतं हे माझ्यामुळं झालं, उशिरा का होईना माझं ऐकलं कोणीतरी. वेडेपणा आहे माहितीये.

आता मुद्दा. पुण्यात एका लॅबमध्ये काम मिळतंय. माल एक्सपोर्टला जायच्या आधी औषधाचे अंश तपासतात ना, तसली लॅब. म्हणजे पळून पळून कुठं तर परत द्राक्षातच, हसा. हातात २२ हजार. एवढे पैसे पप्पा छाटणी आणि नंतर डोळे फुटायला काडीला लावायची पेस्ट, यांच्या मजुरीत दोन दिवसात वाटतात. एक ऑक्टोबरला हजर व्हायचंय आणि आमची छाटणी दसऱ्याच्या मागंपुढं. त्यात पप्पांनी जुनी थॉमसन जातीची बाग काढून दीड एकर नवीन लावलीये, डॉगरिजच्या खुंटावर कलमं भरलीत, मांडवाच्या तारा-अँगल सगळं नवीन. परवा बांधावर उभं राहून म्हणाले, ही पंधरा वर्षं बघायला नको, तुझीच आहे ही. मी हूं म्हणालो.

काम सगळं येतं मला. विरळणी येते, जीएचं, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकाचं, डिपिंग येतं, ब्लोअर चालवतो. फवारणीचं रजिस्टर तेवढं बहीण लिहिते, काढणीआधी कुठलं औषध किती दिवस बंद करायचं हे पप्पा पण तिलाच विचारतात. तर येत नाही म्हणून नको असं नाहीये.

जाऊ का नको हे विचारत नाहीये. सांगू कसं, ते सांगा.

मळेकरी_दिंडोरी

भाऊ राग मानू नको पण आधी हिशोब बघ. २२ हजारात पुण्यात खोली, मेस, पेट्रोल, महिन्यातनं एकदा घरी यायचं भाडं, आणि वीस तारखेला तू पप्पांना फोन करणार. बागेतला पैसा वर्षातनं एकदा येतो पण येतो तेव्हा पोतंभर येतो. पगार म्हणजे ठिबक, पिशवी कधी भरतच नाही.

फायदा एकच, लग्न जमंल. आमच्या वस्तीवर बागायतदाराची पंधरा-वीस पोरं तिशी ओलांडून बसलीत. सहा एकर एक्सपोर्टची बाग दाखवली तरी पोरीकडचे विचारतात, ते ठीक आहे पण मुलगा करतो काय. तू पुण्यात कशावर पण सह्या करत बस, तुझ्याकडं स्थळं येतील.

आता खरं सांगतो. द्राक्ष माणूस ठेवून होत नाही. कांदा होईल, ऊस तर झोपून होतो. छाटणीनंतर फुटी बोटभर आल्या, परतीचा पाऊस लागला, की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, दोन दिवसात घडावर. तिथं पाऊस उघडल्या उघडल्या चिखलात ट्रॅक्टर घालणारा घरचाच लागतो. पगारी माणूस म्हणतो सकाळी बघू, आणि सकाळी घड काळा. त्यामुळं सांगायचंच असेल तर आत्ता सांग, कात्री लागायच्या आत. छाटणी होऊन पेस्ट लागल्यावर सांगितलं तर ते सांगणं नाही, धोका आहे. आत्ता कळलं तर ते ठरवतील, दोन एकर कोणाला वाट्यानं द्यायचं, का जुना प्लॉट काढायचा, का पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी धरून मुकादमावर किती टाकायचं.

आणि ते शापाचं डोक्यातनं काढ. पोराच्या शापानं बागा जात असत्या तर नाशिक जिल्ह्यात वेल राहिला नसता. २०१० ला युरोपात आपल्या मालात सीसीसी सापडलं, कंटेनर अडकले, पैसे बुडाले. आमच्या घरात महिनाभर आई म्हणत होती कोणाची नजर लागली. नजर कसली, शेंडा थांबवायला आपणच मारत होतो ते, सगळेच मारत होते, तिकडं कोणी तपासंल हे डोक्यातच नव्हतं. तेव्हा तपासणारं आपलं माणूस असतं तर आधीच कळलं असतं. बघ म्हणजे तुझी लॅब एवढी वाईट नाही, मीच माझ्या विरुद्ध बोललो.

चहाबाज

एकच विनंती. पुण्याला आल्यावर शेताचे फोटो टाकून ‘माती ती माती’ असलं स्टेटस ठेवायचं नाही. आमच्या ऑफिसात चार जण आहेत, चौघांच्या घरी शेती आणि चौघं पाऊस आला की खिडकीत जाऊन हळवे होतात. शनिवारी गावाकडं काम आहे म्हटलं की मात्र चौघांना सर्दी.

गोदाकाठ२४

चहाबाज 😂 शब्द देतो.

मळेकरी दादा, कात्री लागायच्या आत हे पटलं. पण बागेत बोलायला जमत नाही. तिथं त्यांचं लक्ष वर असतं, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं की ते म्हणतात ती वांझ फूट काढ. घरात आजी असते, तिच्यासमोर काढलं तर रडारड.

बालाघाट

मी केज तालुक्यातला, पुण्यात बारा वर्षं झाली. अकरा एकर कोरडवाहू, सोयाबीन नि तूर, पाऊस आला तर. मला कोणाला काही सांगावं लागलं नाही. वडीलच म्हणाले जा बाबा, इथं काय ठेवलंय. एसटीत बसवायला आले आणि कंडक्टरला म्हणाले पोराला शिवाजीनगरला उतरवा. त्यामुळं तुझी अडचण वाचून आधी जरा हसू आलं, मग वाटलं नाही, तुझं अवघड आहे. माझ्या मागं कोणी ‘ही तुझी’ म्हणून नवीन कलमं भरली नव्हती.

सांगायचं कसं ते मला नाही सांगता येणार, गेल्यावर काय होतं ते सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. वडील गेल्यावर जमीन बटईनं दिली. पहिल्या वर्षी निम्मे पैसे आले, दुसऱ्या वर्षी फोन आला की यंदा खर्चच निघाला नाही. खरं-खोटं तपासायला मी काय रजा काढून जाणार. बांध दरवर्षी नांगराच्या एका सरीनं आत सरकतो. तिकडचा चुलता म्हणतो तूच विसरला असशील बांध कुठं होता, आणि खरं सांगू का, दहा वर्षांनी मी विसरलोय. ई-पीक पाहणी आल्यापासून सातबाऱ्यावर पीक आपण मोबाईलवर लावायचं असतं, शेतात उभं राहून फोटो काढून. पहिल्या वर्षी मी लावलंच नाही, माझा सातबारा पडीक दिसत होता आणि रानात सोयाबीन कमरेएवढं. तेव्हा जाणार असशील तर वडील आहेत तोवर बांधाच्या खुणा, विहिरीतला हिस्सा, पाइपलाइन कोणाच्या गटातनं गेलीये, हे सगळं त्यांच्याबरोबर फिरून बघून ठेव. लिहून ठेव.

आणि उद्या चिडून कोणी सगळं विकून टाकू म्हणालं तर मान हलवू नको. आपल्याकडं कूळकायद्यामुळं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, सगळी गेली की परत चार गुंठे घ्यायचे म्हटलं तरी आधी शेतकरी असल्याचा पुरावा दे म्हणतात. माझ्या ओळखीतला एक जण बसलाय तसा, पैसे हातात घेऊन.

येरळाकाठची

मी तासगावकडची, आता बंगळूरला असते, वय ४०. उत्तर द्यावं का नको करत दोन दिवस हा धागा वाचतेय.

आमच्याकडं द्राक्ष खायला कमी नि बेदाण्याला जास्त. लहानपणीचा उन्हाळा म्हणजे शेड. गंधकाची धुरी दिली की बेदाणा पिवळा होतो, तो वास आमच्या शाळेच्या दप्तराला पण यायचा. मी दहाव्या वर्षी हातात घेऊन सांगायचे हा अजून दोन दिवस राहू दे, ओला आहे, आणि आण्णा माझं ऐकायचे. भाऊ दोन, दोघांना त्यातलं काही कळत नव्हतं, मोठा तर शेडमध्ये आला की शिंकायचा. मला बाहेर जायचंच नव्हतं रे. मला तीच बाग करायची होती. पण हे कोणाला बोलायचंसुद्धा सुचलं नाही, कारण मुलगी जाणारच असते ना, तिनं राहायचं ठरवायचं म्हणजे काय. २००९ ला लग्न झालं. आण्णा गेल्यावर २०१४ ला भावांनी बोलावलं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बाकावर बसून हक्कसोडपत्रावर सही केली. कायदा २००५ ला बदललाय, मुलीला मुलाएवढाच वाटा आहे, हे मला चांगलं माहीत होतं. तरी केली. सही न करणारी बहीण माहेरी पाणी प्यायला पण जाऊ शकत नाही, तुम्हाला माहितीये. त्यांनी भारी साडी घेतली मला, नारळ दिला. पुढच्या चार वर्षांत त्यांनी बाग काढली. तिथं आता ऊस आहे, झोपून होतो तो.

तू लिहिलंयस फवारणीचं रजिस्टर ‘तेवढं’ बहीण लिहिते. तेवढं! अरे एक्सपोर्टच्या बागेत ते रजिस्टर म्हणजे सगळं आहे, तुझ्या त्या लॅबमध्ये माल पास होणार का नापास ते तिच्या वहीत आधीच ठरलेलं असतं. पाच परिच्छेद स्वतःबद्दल लिहिलेस, आणि तिच्यावर एक वाक्य, तेही तुला काम येतं हे सांगायला. पप्पांना सांगायच्या आधी तिला विचारलंस का एकदा, तुला हवी आहे का म्हणून? कदाचित तुमच्या घरात ज्याला नको त्याला मिळतीये आणि जिला हवी तिला लावून देणार आहेत, आमच्यासारखंच.

जरा चिडून लिहिलं. राहू दे तसंच.

मळेकरी_दिंडोरी

ताई बरोबर बोलल्या. आमच्या घरात पण वही बायकोच लिहिते. आत्ता तिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, मग सातबाऱ्यावर नाव कधी लावताय. लॅपटॉप बंद करून फवारणीला निघालो.

गोदाकाठ२४

ताई, वाचून पोटात खड्डा पडला. खरंच डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री विचारतो तिला.

गोदाकाठ२४

नऊ दिवसांनी आलोय, माफी.

आधी बहिणीला विचारलं. गच्चीत, मोठ्या थाटात. मी अगदी उदार होऊन म्हणालो की मी जातो, मी पप्पांशी बोलतो, बाग तू कर, तुझ्या नावावर करायची गोष्ट पण काढतो. मला वाटलं हिच्या डोळ्यात पाणी येईल. ती म्हणाली, तुला सुटायचंय म्हणून मला खुंटाला बांधतोस होय. रजिस्टर मी लिहिते कारण तुझं अक्षर वाचता येत नाही. तिला पुढं एमएस्सीला जायचंय, फॉर्मची तारीख पण तिला पाठ होती. मी विचारलं मग घरात बोलली का नाहीस, तर म्हणाली तू जाशील का राहशील ते आधी ठरू दे म्हणून थांबले होते, दोघं एकदम कसं सांगणार. म्हणजे चार भिंतीत दोघंजण तेच लपवत होतो, वर्षभर.

पण वाटा सोडणार नाही म्हणाली, साडीबिडी नको. येरळाकाठच्या ताई, तुमचं लिहिलेलं तिला दाखवलंय, तिनं दोनदा वाचलं. काही बोलली नाही, पण जेवताना पप्पांना विचारत होती की जमिनीच्या आठ-अ उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत.

मग पप्पा. बागेत नाही, घरात नाही. पिंपळगावला औषधं आणायला गेलो होतो ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टरचा आवाज असतो त्यामुळं ओरडूनच बोलावं लागतं, आणि दोघांचं तोंड पुढं. मी सगळं ओरडून सांगितलं. म्हणजे विचार करा, ‘मला नाही राहायचं इथं’ हे वाक्य मी अक्षरशः बोंबलून सांगितलं, बाजूनं जाणाऱ्या पिकअपवाल्यानं वळून बघितलं. पप्पा काही बोलले नाहीत. दुकानात गेले, यादीतलं सगळं घेतलं, बुरशीनाशकाचा भाव कमी करून मागितला, नेहमीसारखं. येताना चहाला थांबले. कपातला अर्धा चहा झाल्यावर म्हणाले, पगार किती. मी सांगितला. मग म्हणाले, तुझा आजा मला नाशिकला शिकायला पाठवणार होता, त्या वर्षी विहीर खचली. एवढंच. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, मला माहीतच आहे, ते समोर बसले होते.

बोललो ते शेकोटीचं पण. मला वाटलं हे सांगितलं तर मारतील. ते हसले. म्हणाले त्या रात्री थंडीनं माझे हात वळत नव्हते, मी पण म्हणत होतो जाऊ दे सगळं.

ठरलंय असं. छाटणी आणि पेस्ट होईपर्यंत मी इथं, लॅबवाल्यांना फोन करून महिनाभर मागून घेतलाय, त्यांनी पंधरा दिवस दिले. म्हणून छाटणी पण पाच दिवस आधी घेतोय, परतीच्या पावसाचं जे होईल ते होईल. जुना दोन एकरचा प्लॉट शेजारच्याला वाट्यानं, कागद करून, बालाघाट दादा, कागद करून. नवीन दीड एकर पप्पा स्वतः बघणार, त्यावर कोणाला हात लावू देणार नाहीत म्हणे. काल संध्याकाळी बांधाच्या खुणा दाखवायला घेऊन गेले. एक खूण म्हणजे बाभळीचं खोड आहे जे मी लहानपणापासून नुसतं बाभळीचं खोड समजत होतो.

मम्मी अजून बोलत नाहीये. आजीला सांगितलेलंच नाही.

रात्री झोपायच्या आधी पप्पांनी विचारलं, रविवारी सुट्टी असते का लॅबला. मी म्हणालो असते. म्हणाले, मग शनिवारी रात्रीच्या गाडीनं येत जा, रविवारी सकाळी एक फवारणी होऊन जाते.

चहाबाज

आमच्या ऑफिसात आता पाचवा. सर्दीची गोळी घेऊन ठेव.